दम लागलेल्यांची मोजणी

आमच्या चढावर बाक बसवून घ्यायला मला फार तर पंधरा दिवस लागतील, असं मी घरात छातीठोकपणे जाहीर केलं होतं. का नाही करणार? नगरपरिषदेनं योजना काढली होती. गल्लीनं मिळून एखादं छोटं काम सुचवायचं, अर्ज करायचा, पटलं तर परिषद अनुदान देणार. अर्ज अवघा दोन पानांचा. आणि मी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर! जिनं दोन वर्षं लोलकाचे झोके मोजण्यात घालवली, तिला एका बाकाचा अर्ज काय जड?

"पंधरा दिवसांत बाक!" मी म्हणाले.

"बघू," बाबा म्हणाले. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. दुसऱ्यानं सांगितलेल्या वेळेवर त्यांचा सहसा विश्वास बसत नाही.

बाक हवा होता मावशींसाठी. माझी सख्खी मावशी नव्हे, अख्ख्या गल्लीची. चढाच्या अगदी टोकाला राहतात आणि शिवणकाम करतात. शाळेच्या पहिल्या दिवसापासून पदवी घेण्याच्या दिवसापर्यंत माझा प्रत्येक कपडा त्यांनीच शिवला. "पोरगी वाढती आहे," असं म्हणून आत दोन बोटं कापड जास्त सोडतात. मी पंचविशीला आले तरी सोडतात!

दोन वर्षांपासून त्यांचा गुडघा कुरकुरतोय. उतरताना त्रास नाही. पण चढताना साठेक मीटर झाले की बसावंच लागतं. आणि बसायला जागा नाही. दोन महिन्यांपूर्वी त्या रस्त्याच्या कडेला जमिनीवरच टेकल्या आणि एक स्कूटर त्यांच्या पावलापासून वीतभर अंतरावरून गेली. तेव्हापासून बाहेर पडणंच बंद. खालची मैत्रीण बंद, वाचनालय बंद, दोऱ्याचं दुकान बंद. दुसऱ्या गावी राहणारा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, घर विकू. महिनाअखेरीला गाडी घेऊन येतो तुला न्यायला."

"तुम्हाला जायचंय का?" मी विचारलं.

"जायचं कुणाला असतं गं? पण खिडकीतून गल्ली बघत किती दिवस काढू?"

झालं! मी टेप घेऊन बाहेर पडले. चढाची लांबी १२४ मीटर. बाकाची जागा ६२व्या मीटरवर, सलूनच्या भिंतीला लागून. सलूनवाले दादा म्हणाले, "भिंत घे, हवं तर दोन गिऱ्हाइकंही घे!"

अर्ज गेला आणि तितक्याच चपळाईनं परत आला. कलम सात अपूर्ण! ‘गरजेचा पुरावा म्हणून चढावर थांबणाऱ्या व्यक्तींची सलग तीन दिवसांची नोंद जोडावी. अधिकारी केव्हाही पाहणीस येतील.’

नोंद! म्हणजे माशाला पोहायला सांगितलं की! मी वहीत रकाने आखले: वेळ, अंदाजे वय, कुठे थांबले, किती सेकंद. आणि सकाळी सात वाजता सलूनसमोर स्टूल टाकून बसले. कशासाठी बसले ते मात्र कुणालाही सांगितलं नाही. कारण निरीक्षण चाललंय हे कळलं की माणसं नैसर्गिक वागत नाहीत. मोजायचं ते गुपचूप मोजायचं!

आता, भर रस्त्यात स्टूल टाकून, हातात वही घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून पाहणं याला जगातलं कुठलंही शास्त्र ‘गुपचूप’ म्हणणार नाही. पण हे मला नंतर सुचलं.

तासाभरात गल्लीत बातमी पसरली की परिषद दम लागणाऱ्यांची यादी करते आहे आणि यादीत नाव आलं की वाहन चालवायचा परवाना जाणार! एरवी तीनदा भिंत धरणारे निवृत्त कॅशियर काका माझ्यासमोरून शीळ घालत गेले. शीळ! चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा, पण पाऊल लष्करी. वळणापलीकडे गेल्यावर ते दहा मिनिटं विजेच्या खांबाला मिठी मारून उभे होते, असं दादांनी मला सांगितलं. पण वळणापलीकडचं माझ्या नोंदीत बसत नव्हतं.

पहिल्या दिवसाची एकूण संख्या: शून्य.

"अगं, लोकांना सांग ना कशासाठी बसलीस ते," बाबा म्हणाले.

"सांगितलं तर नोंद बिघडते, बाबा."

"आणि न सांगता काय सुधारली?"

मी वहीतलं शून्य पुन्हा एकदा तपासलं. बाबांकडे मात्र उपाय होता. ते चपला घालून बाहेर पडले आणि घरोघर जाऊन सांगून आले की बाक मावशींसाठी आहे, आणि माणसं थांबली नाहीत तर मावशी महिनाअखेरीला जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी पैलवान आला. पैलवान म्हणजे खालच्या व्यायामशाळेचा मालक. दोन काखोटींना दोन पोती मारून हा गडी चढावर धावतो. तो आज रिकाम्या हातांनी आला, बरोब्बर ६२व्या मीटरवर थांबला, छातीवर हात ठेवला आणि गल्ली दुमदुमेल असा ओरडला, "आई गं! मेलो!"

"पैलवान, हे काय चाललंय?"

"दम लागला. लिही!"

त्याच्या मागे पोस्टमनबाई. त्यांच्या मागे बेकरीवाल्याचं अख्खं कुटुंब, उंचीच्या क्रमानं. कॅशियर काका तर घरून उशी घेऊन आले! दुपारपर्यंत दोनशे माणसं थांबली. आमच्या गल्लीत राहतातच नव्वद!

"काका, तुम्ही सहाव्यांदा आलात," मी म्हणाले. "खाली कधी गेलात?"

"मागच्या जिन्यानं. तू लिही."

"पण हे खोटं आहे!"

"खोटं?" काका उशीवर आडवे होत म्हणाले. "सहा वेळा चढलोय, बाई! पहिले तीन दम खोटे असतील. आता खरंच जीव चाललाय!"

यातलं खरं कसं वेगळं काढायचं? मी मुकाट्यानं वहीत पाचवा रकाना आखला आणि वर लिहिलं: ‘अभिनय’. त्यात प्रत्येकासमोर हो, नाही किंवा ‘आधी हो, मग नाही’ अशी प्रामाणिक नोंद केली. आई म्हणाली, "वेडी आहेस का? आपल्याच अर्जावर आपणच पाणी ओततेस!" मी म्हणाले, "नोंद ती नोंद."

तिसऱ्या दिवशी गल्लीला चढावर नुसतं थांबणं पुरेसं वाटेना. पैलवानानं रीतसर तालीम घेतली म्हणे! साडेअकराला दादांनी शिट्टी दिली, कारण खाली परिषदेची गाडी थांबली होती. अधिकारी बाई गाडीतून उतरल्या, फाइल काखेत धरली, मान वर केली, आणि त्यांना काय दिसलं? चढावर चाळीस माणसं आडवी. कुणी कण्हतंय, कुणी भिंतीवरून घसरतंय. दादांचं एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून पायरीवर कोसळलेलं! तो पांढरा फेस बाईंनी लांबून पाहिला आणि व्हायचं तेच झालं.

"विषारी वायू!" बाई किंचाळल्या आणि त्यांनी फोन लावला.

नऊ मिनिटांत दोन रुग्णवाहिका, एक अग्निशमन बंब आणि पोलीस! गल्लीचा गॅस बंद. वीज बंद. दोन्ही टोकांना दोर. पैलवानाला चौघांनी उचलून स्ट्रेचरवर बांधलं.

"अहो, मी ठणठणीत आहे!"

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी त्याच्या नाकावर ऑक्सिजन लावला.

सगळा गोंधळ मिटल्यावर चढाच्या पायथ्याशी बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं. असणार तरी कसं? "अर्जदार तुम्ही? ही थट्टा आहे? खऱ्या रुग्णाला या वेळी गाडी मिळाली नसती तर?"

माझी मान खाली गेली. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आणि बाक गेला, हेही कळत होतं. महिना संपायला सहा दिवस होते.

तेवढ्यात वरून कुणीतरी म्हणालं, "तिला बोलू नका हो. हे सगळे माझ्यासाठी आडवे झालेत."

मावशी! दोन महिन्यांनी घराबाहेर. भोंगे ऐकून, गळ्यात मोजमापाची टेप तशीच ठेवून, भिंत धरत धरत पार खालपर्यंत आल्या होत्या. पण आता परत चढायचं होतं.

"स्ट्रेचर आणतो, आजी," रुग्णवाहिकेवाले म्हणाले.

"मला काही झालेलं नाही. चालत जाईन मी. मध्ये फक्त जरा टेकायला जागा असली की झालं."

मावशी निघाल्या. मागून आम्ही सगळे. आता कुणी कण्हत नव्हतं. साठ मीटर झाले आणि त्यांचा पाय थांबला. ओठ मिटलेले, हात भिंत चाचपत होता. एका रुग्णवाहिकेचं मागचं दार तिथंच उघडं होतं. पैलवान नाकावरची नळी काढून खाली उतरला, त्यानं हाताला धरून मावशींना त्या पायरीवर बसवलं. मी सवयीनं वही उघडली. ११.५६. चार मिनिटं दहा सेकंद. अभिनय: नाही.

अधिकारी बाईंनी वही माझ्या हातातून घेतली आणि पानं उलटली.

"हा पाचवा रकाना कसला?"

"अभिनयाचा."

"म्हणजे स्वतःच्या अर्जाविरुद्ध तुम्ही स्वतःच पुरावा जोडणार होतात?"

"नोंद..." मी पुटपुटले, "ती नोंद."

बाई वही घेऊन गेल्या. आम्ही अग्निशमन दलाला, रुग्णालयाला आणि पोलिसांना माफीची पत्रं लिहिली. प्रत्येकावर एक्केचाळीस सह्या. मग मी घरोघर आभार मानायला गेले. खरं तर जाताना मी चिडलेली होते. पण कॅशियर काका पायाला मलम चोळत म्हणाले, "कमी पडलं का गं? अजून दोनदा चढलो असतो." आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. माझी आकडेवारी आजवर कुणी इतक्या प्रेमानं बिघडवली नव्हती!

पाचव्या दिवशी पत्र आलं. ‘कलम सातखालील नोंदी अग्राह्य. अपवाद: तिसरा दिवस, ११.५६. बाक मंजूर.’

मुलगा गाडी घेऊन आला तो मावशींनी शिवलेला नवा सदरा घेऊन एकटाच परत गेला. बाक बसला. मावशी दर सकाळी खाली जातात आणि येताना त्यावर टेकतात. म्हणजे जागा मिळाली तर टेकतात! ज्यांना कधीच दम लागत नव्हता, ते आता दिवसभर तिथं बसून असतात.

पत्रात शेवटी एक अट होती. महिन्याभरानं बाकाच्या वापराचा अहवाल पाठवावा. तो अर्जदार सोडून अन्य कुणीही लिहावा! मावशींनी लिहिला. ‘आम्ही बसतो. बरं वाटतं. आभारी आहोत.’ परिषदेचं उत्तर आलं: अहवाल परिपूर्ण आहे.

"पण मावशी," मला राहवलं नाही, "रोज किती जण बसतात तो आकडा नाही घातलात?"

मावशींनी सुईत दोरा ओवता ओवता चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मोजायला लागलं की उठून जातात गं!"