पलंगाखाली मावणारा छंद

माणसाने छंद करावा तर तो पलंगाखाली मावेल असा करावा! आमच्या चश्मेवाल्यांचं हे लाडकं वाक्य. दुकानात गिऱ्हाईक डोळ्यांवर भिंगं चढवून भिंतीवरची अक्षरं वाचत असायचं, आणि चश्मेवाले त्याच्या कानाशी उभे राहून सांगायचे, "कुत्रं पाळा, भुंकतं. झाडं लावा, पाणी मागतात. मासे पाळले तर मरतात, आणि वर आपल्यालाच वाईट वाटतं! आमचं बघा. घरात कोणाला पत्ता नाही! हं, आता खालची ओळ वाचा."

हा छंद म्हणजे बेस गिटार. चार जाड तारांची, खर्जात घुमणारी. ही गिटार एरवी चांगली लांबलचक असते, घेऊन दारातून शिरायचं तर तिरकं व्हावं लागतं. पण चश्मेवाल्यांना नाद होता तो तिच्या बुटक्या बहिणींचा. तारा अगदी आखूड, अंग एवढंसं, काखेत मारून खुशाल चालू लागावं. आवाज मात्र तोच, पोटात घुमणारा. "व्हेरी शॉर्ट स्केल!" असं ते म्हणायचे, आणि म्हणताना डोळे मिटायचे. स्वतः चश्मेवाले प्रत्येक दाराच्या चौकटीला डोकं आपटणारे, पंजे सुपाएवढे. ते ही गिटार छातीशी धरून वाजवायला लागले की लांबून वाटायचं, माणूस दात घासतोय. पण वाजवायचे बरं का! दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या मशीनशेजारी बसून, कानाला हेडफोन लावून तासन्‌तास वाजवायचे.

आता बुटक्याच का? त्याची संगीतातली कारणं ते पुष्कळ सांगत. बोटं कमी ताणावी लागतात, सूर गोल येतो, वगैरे वगैरे. खरं कारण एकच. लांब गिटार लपवता येत नाही!

आणि लपवायची कोणापासून, तर बाईंपासून. बाई म्हणजे त्यांची बायको. त्यांची स्वतःची बालवाडी होती. मुलं त्यांना बाई म्हणत, मुलांचे आईबाप बाई म्हणत, आणि हळूहळू चश्मेवालेही घरात बाईच म्हणायला लागले होते. बाईंना गिटारीचं वावडं नव्हतं हो. पहिली आली तेव्हा त्यांनी स्वतः तिला खोळ शिवली होती. दुसरी चोरून आली तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं.

"आणायची तर सांगून आणा की! मला गिटारीचा राग नाही, लपवाछपवीचा आहे. अख्खा दिवस मी पोरांना तेच शिकवते, आणि घरी येऊन बघते तर हे!"

चश्मेवाल्यांनी ती गिटार परत केली, कान पकडले आणि म्हणाले, "तुझी शपथ! पुन्हा तुझ्यापासून काही लपवणार नाही."

या शपथेनंतर घरात पाच गिटारी आल्या.

एक माळ्यावर पांघरुणांच्या मागे. एक कुकरच्या रिकाम्या खोक्यात. एक शिलाई मशीनच्या झाकणाखाली, एक सुटकेसमध्ये. आणि पाचवी, सगळ्यांत बुटकी, लालचुटूक, जीव की प्राण अशी, वॉशिंग मशीनच्या मागे. हिच्या तारा चक्क रबराच्या! त्या ताणून सुरात बसायला आठवडे लागतात, रोज खुंट्या थोड्या थोड्या पिळाव्या लागतात. चश्मेवाले कपडे धुवायच्या निमित्ताने तिला रोज पिळत होते. नवरा अचानक इतके कपडे का धुतो, हे बाईंना कळेना. कळेना तसा संशय यायला लागला. फोन वाजला की हा माणूस गॅलरीत पळतो. रविवारी चश्मा पोचवायला म्हणून जातो आणि तीन तासांनी मान खाली घालून येतो. बाई जेवताना टक लावून बघायच्या, आणि चश्मेवाले अर्ध्या ताटावरून उठून कपडे धुवायला पळायचे.

एका सकाळी बाईंनी पांघरुणं उन्हात घालायला माळ्यावरून ओढली, आणि त्यांच्याबरोबर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली गिटार धपकन पलंगावर पडली.

"अहो!"

चश्मेवाले अर्ध्या गालाला फेस लावलेल्या अवस्थेत धावत आले. बाईंच्या हातात गिटार होती. समोर खुर्चीत बाईंचा धाकटा भाऊ चहा पीत बसला होता. हा मेहुणा पलीकडच्या गल्लीत राहायचा. काय करतोस विचारलं तर "सध्या विचार चालू आहे" म्हणायचा.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

खरं तर 'चुकलो' एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. दोन दिवस अबोला, फार तर तीन. पण चश्मेवाल्यांनी त्या एवढ्याशा गिटारीकडे पाहिलं, आणि त्यांची जीभ परस्पर बोलून मोकळी झाली.

"तुझ्या मुलांसाठी! बालवाडीला! म्हटलं, अचानक द्यावी."

बाई मटकन पलंगावर बसल्या. त्यांनी गिटार मांडीवर घेतली. पोरांच्या मापाची! अगदी मापाची! त्यांचे डोळे भरून आले.

"आणि मी काय काय मनात आणत होते तुमच्याबद्दल," त्या म्हणाल्या.

चश्मेवाल्यांच्या गालावरचा फेस सुकायला लागला. जाऊ दे, एक गेली, चार राहिल्या, असा त्यांनी मनात हिशोब केला. तेवढ्यात मेहुण्याने कप खाली ठेवला.

"ताई, दाजी लाजतायत. अगं, एकच कुठली? चांगल्या पाच आहेत! माझ्याच पत्त्यावर तर येत होती खोकी. तू मला रिकामटेकडा म्हणतेस ना? हे काम चाललं होतं माझं!"

"पाच?" बाई म्हणाल्या.

"पाच," चश्मेवाले म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

मग काय! कुकरचं खोकं उघडलं. शिलाई मशीनचं झाकण निघालं. सुटकेस निघाली. दरवेळी बाई "अगं बाई!" म्हणायच्या आणि मेहुणा टाळी द्यायला हात पुढे करायचा. शेवटी वॉशिंग मशीन सरकवायची वेळ आली तेव्हा चश्मेवाले तिला पाठ लावून उभे राहिले. "ही नको. हिच्या तारा अजून बसल्या नाहीत गं." बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "किती जीव लावून केलंत हो सगळं!" आणि लाल गिटारही गेली.

दुपारपर्यंत पाचही जणी बालवाडीच्या भिंतीवर, पोरांच्या हाताला येतील अशा खुंट्यांवर टांगल्या गेल्या.

पुढचे दोन दिवस चश्मेवाल्यांनी चुकीच्या माणसांना चुकीचे चश्मे दिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पक्कं ठरवलं, चार गेल्या तर गेल्या, लाल परत आणायची. खेळण्यांच्या दुकानातून तसलीच लाल प्लास्टिकची गिटार घेतली, कोटाखाली दडवली आणि मधल्या सुट्टीत, पोरं अंगणात असताना, मागच्या दाराने बालवाडीत शिरले. चौकट बुटकी, डोकं आपटलंच. आत पाहतात तर एक जण लाल गिटारीची रबराची तार कानापर्यंत ताणून तिच्यातून खडू मारत होता, आणि दुसरी उड्या मारत टाळ्या पिटत होती. चश्मेवाल्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की पोरं हातातलं टाकून दाराकडे पळाली.

"बाई! बाई! काका रडतायत!"

बाई आल्या. नवरा जमिनीवर बसलेला, एका हातात लाल गिटार, दुसऱ्या हातात लाल गिटार.

"अहो, हे काय?"

"अं... आणखी एक आणली," चश्मेवाले म्हणाले. "म्हटलं, मुलं पुष्कळ आहेत."

झालं! बाईंनी त्याच संध्याकाळी पालकांना शनिवारचं बोलावणं धाडलं. असा माणूस आपल्या बालवाडीला लाभलाय आणि त्याचं साधं कौतुक करायचं नाही म्हणजे काय! शनिवारी सकाळी सगळे जमले. पालक पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. चश्मेवाल्यांना मधोमध खुर्ची दिली, तीही बालवाडीचीच, त्यामुळे ते बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांना लागत होते. मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत.

आधी वाजवून दाखवायचा आग्रह झाला. मेहुण्याने स्पीकर जोडून दिला. चश्मेवाल्यांनी लाल गिटार छातीशी धरली आणि पहिली तार छेडली. पण पोरांनी त्या आठवड्यात गिटारींच्या सगळ्या खुंट्या मनसोक्त पिळल्या होत्या. तारेतून निघालेला आवाज ऐकून एका आजोबांनी दचकून स्वतःच्याच पोटावर हात ठेवला. पोरं खिदळून लोळायला लागली, चश्मेवाल्यांनी गिटार खाली ठेवली, आणि लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या.

मग बाई बोलायला उभ्या राहिल्या. रोज पोरांच्या गोंधळावर ज्यांचा आवाज चढायचा, त्या आज अगदी हळू बोलत होत्या.

"मला एक कबूल करायचंय. गेले कित्येक महिने मी यांच्यावर संशय घेत होते. फोन आला की लांब जायचे, कुठे जातात सांगायचे नाहीत. मी यांचे खिसेसुद्धा तपासले. माझ्याच घरात मी चोरासारखी खिसे तपासत होते! आणि हे त्या वेळी काय लपवत होते, तर तुमच्या मुलांसाठी आणलेल्या या गिटारी." त्या वळल्या. "अहो, माझं चुकलं. मी तुमची माफी मागते. सगळ्यांसमोर मागते."

चश्मेवाल्यांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि खुर्चीसकट आपल्याला पोटात घ्यावं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. बायको हात जोडून उभी होती, आणि तिचे डोळे खरोखरच ओले होते. गिटारी गेल्या त्याचं दुःख त्या क्षणी कुठल्या कुठे पळालं. ते उठायला गेले, खुर्चीही बरोबर उठली.

"थांबा! खोटं आहे!" खुर्ची मागे अडकलेली असतानाच ते ओरडले. "मुलांसाठी नव्हत्या. माझ्याच होत्या. मी लपवून आणल्या. शपथ घेऊन वर लपवून आणल्या! परवा इथे आलो तो एक चोरायला आलो होतो. माफी मी मागायची, बाई, तू नाही!"

मग मागून एक पालक भारावून म्हणाले, "बघा, याला म्हणतात विनय! स्वतःकडे श्रेय नको म्हणून माणूस स्वतःला चोर म्हणवून घेतोय!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भिंतीवरच्या गिटारी थरथरल्या. कोणी पाठ थोपटली. मेहुणा तर "दाजी! दाजी!" म्हणत शिट्टी मारायला लागला. चश्मेवाले जीव तोडून सांगायचे, "अहो, खरंच! खरंच मी नालायक आहे!" की टाळ्या आणखी वाढायच्या.

त्या सबंध खोलीत टाळ्या वाजवत नव्हतं असं एकच माणूस होतं. बाईंचे दोन्ही हात एकमेकांपाशी येऊन थांबले होते. चश्मेवाल्यांच्या बोलण्यावर त्यांनी एकटीनेच विश्वास ठेवला होता.

घरी जाताना त्या तरातरा पुढे निघाल्या. चश्मेवाले दोन पावलं मागून चालत होते. दारात कुलूप उघडता उघडता त्या एवढंच म्हणाल्या, "माझी शपथ घेतली होतीत."

"हो."

"पोरांकडून मी गिटारी परत मागणार नाही."

"नको मागूस."

"आणि सगळ्यांसमोर बोललात ते..." त्यांनी दार ढकललं. "ते बरं केलंत. पण राग गेलेला नाही माझा."

तो पुरता महिनाभर गेला नाही. घरात कामापुरतं बोलणं. पहिली गिटार खोळीत पडून होती, तिला हात लावायचं चश्मेवाल्यांना धाडस होईना. शेवटी एका शुक्रवारी ते भीत भीत म्हणाले, "मी उद्या येऊ का बालवाडीत? पोरांनी सूर बिघडवले असतील. लावून देईन."

"या," बाई म्हणाल्या. "पण तिथे सगळ्यांना एकच नियम. वाजवायचं तर रांगेत यायचं."

तर दुसऱ्या दिवशी चश्मेवाले रांगेत उभे राहिले. पुढे-मागे कमरेइतकी पोरं. सूर लावून झाले होते, हात नुसते शिवशिवत होते. पुढचा एकेक जण वाजवून बाजूला व्हायचा आणि परत धावत मागे येऊन उभा राहायचा. अखेर लाल गिटारीपर्यंत ते पोचले. हात पुढे केला, तोच दोन वेण्यांच्या एका मुलीने गिटार पोटाशी घट्ट धरली आणि मान वर करकरून त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, या आमच्या आहेत. तुम्ही मोठे आहात ना? मग तुम्ही तुमची नवीन आणा की!"

"नको! नको!" चश्मेवाले एवढ्या मोठ्याने ओरडले की खोलीतली सगळी पोरं गप्प झाली. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि बाईंकडे वळून पाहिलं. "मी नाही म्हणालो हं! हीच म्हणाली!"

बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि हातातला खडू खाली पडला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्या हसत होत्या. चश्मेवाले रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.