साहेबांचं सरकार का पडलं

अण्णाकाका चहा पीत नसत, मंजूर करत. सकाळी सातला स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "आल्याचा की साधा? सूचक कोण?" माझी बायको मनीषा म्हणायची, "मी. आल्याचा." मग नजर माझ्याकडे. "अनुमोदक?" मी हात वर केल्याशिवाय गॅस पेटत नसे. लग्नापासून मी सत्ताधारी पक्षात, म्हणजे मनीषाच्या पक्षात आहे, त्यामुळे आमच्याकडे ठराव एकमतानेच पास व्हायचे.

अण्णाकाका माझे सख्खे चुलते. साताऱ्याकडच्या आमच्या गावात ते एके काळी अकरा महिने सरपंच होते. मूलबाळ नाही, काकू जाऊन खूप वर्षं झालेली. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात आमच्याकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि करोनामुळे विमानंच बंद झाली. तिनाचे सात महिने झाले.

त्या दिवसांत मेलबर्नमध्ये नेमका कोणता नियम चालू आहे, हे मला एकदाही धड कळलं नाही. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, फिरायला एकच तास, चालताना मास्क हवा पण धावताना नको. मी घाबरून मास्क लावून धावायचो आणि घरी येऊन सोफ्यावर पडायचो. अण्णाकाकांना मात्र सगळे नियम पाठ. घड्याळ लावून निघायचे, एकोणसाठाव्या मिनिटाला गेटात हजर.

असेच एकदा फिरून आले ते काखेत एक जाडजूड पुस्तक घेऊन. कोपऱ्यावरच्या आजोबांनी गॅरेज आवरून जुन्या पुस्तकांचं खोकं फुटपाथशेजारच्या गवतावर ठेवलं होतं. अण्णाकाकांनी पुस्तक सॅनिटायझरने इतकं घासलं, की पाठीवरची सोनेरी अक्षरंच निघून गेली. आत एकोणिसाव्या शतकातल्या कॅनडामधल्या क्वेबेक प्रांताच्या एका प्रीमियरचं, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्याचं, राजकीय चरित्र होतं. त्यांचं फ्रेंच नाव आमच्यापैकी कोणालाच म्हणता येईना. दोन दिवस प्रयत्न करून अण्णाकाकांनी ठराव मांडला, "यापुढे यांना साहेब म्हणावं." पास.

बीए झालेला, चाळीस वर्षं इंग्रजी पेपर वाचलेला माणूस. रोज एक प्रकरण वाचायचे आणि जेवताना आम्हाला सांगायचे.

"क्वेबेक म्हणजे आपली झेडपीच रे. बिशप म्हणजे मठातले महाराज. त्यांनी डोळे वटारले की मतं फिरली. रेल्वे म्हणजे रस्त्याची टेंडरं. आणि लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे तहसीलदार. दिसायला गरीब, पण त्याच्या सहीने खुर्ची जाते."

"साहेब कोणत्या पक्षाचे?" मी विचारलं.

"लिबरल."

"काल तर ते कन्झर्व्हेटिव्ह लोकांबरोबर बसले होते ना?"

"ते कन्झर्व्हेटिव्हमधून फुटलेले. त्यांना घेऊन साहेबांनी सरकार केलं."

"म्हणजे ते लिबरल झाले?"

"नाही."

"मग साहेब?"

"तू भात घे," अण्णाकाका म्हणाले.

आमच्या रियाने, वय वर्षं पंधरा, ऑनलाइन शाळेतून वेळ काढून व्हाइटबोर्डवर तक्ता काढून दिला. निळे, लाल, आणि निळ्यातून लालकडे जाणारे बाण. "इट्स नॉट दॅट हार्ड, बाबा." मी तक्त्याचा फोटो काढून ठेवला. मला तो आजही कळत नाही.

मग एक दिवस पुस्तकातली खूण हलेनाशी झाली.

नऊ दिवस तेच पान. जेवताना साहेबांचा विषय नाही. विचारलं तर म्हणाले, "सरकार पडलंय." साहेबांच्या अगदी उजव्या हाताचा मंत्री, घरच्यासारखा वागवलेला, ऐन मतदानाला पलीकडे जाऊन बसला.

"का पण?" मनीषाने विचारलं.

"तेच लिहिलेलं नाही! दोन पानं टेंडरांवर खर्च केली आहेत आणि हा का फुटला त्यावर एक ओळ नाही."

मग त्यांनी चौकशी समितीच बसवली. रियाला विचारलं. मनीषाला विचारलं. कोपऱ्यावरच्या आजोबांना कुंपणाच्या अल्याडहून मास्कमधून विचारलं. ते बिचारे "नो वरीज, मेट" म्हणून आत गेले. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पैसे खाल्ले असतील." अण्णाकाका इतक्या जोरात "नाही!" म्हणाले, की माझ्या हातातला चमचा पडला. "तो तसला माणूस नव्हता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बापूकाका, म्हणजे अण्णाकाकांचे धाकटे भाऊ, अण्णाकाका सरपंच असताना त्याच पंचायतीत सदस्य होते. अकराव्या महिन्यात अविश्वास ठराव आला. तहसीलदार बसलेले, समोर अण्णाकाका. मोजायला हात वर झाले, त्यात एक हात बापूकाकांचा होता. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. घराला घर लागून, भिंत एकच, पण निरोपसुद्धा तिसऱ्या माणसाकडून.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. बापूकाकांना करोना झाला होता. तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते, भेटायला कोणाला सोडत नव्हते. मी अण्णाकाकांना सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळच्या खिचडीला सूचकही कोणी विचारला नाही.

"काका, एक फोन करा," मी म्हणालो.

"मी का करू? हात त्याने वर केला होता."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे दुपारचे चार वाजलेले, तिकडे गावी सकाळचे साडेअकरा. मी टीम मीटिंगमध्ये म्यूटवर होतो. अण्णाकाका पुस्तक घेऊन आले. "लाव त्याला. घरगुती काही बोलायचं नाही. मला फक्त पुस्तकातली शंका विचारायची आहे."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून मशीनचा आवाज, मग धाप.

"बापू, अण्णा बोलतोय."

बराच वेळ नुसता श्वास. मग, "बोल की."

अण्णाकाकांनी घसा साफ केला आणि क्वेबेक प्रांताची सगळी हकिगत सांगितली. रेल्वे, महाराज, तहसीलदार. ऑक्सिजन लावलेल्या माणसाला. शेवटी म्हणाले, "आता हा मंत्री. त्याला काही कमी नव्हतं. मग हा का फुटला असेल?"

"पुस्तकात काय दिलंय?"

"काही नाही दिलेलं."

पुन्हा श्वास. "साहेबांच्या घरी कोण आजारी होतं का?"

अण्णाकाकांनी पुस्तक मिटलं.

"असेल," बापूकाका म्हणाले. थांबत, तोडत बोलत होते. "मंत्र्याला वाटलं असेल, वहिनी झुरतीय आणि साहेब दिवसभर कचेरीत. सांगून ऐकत नाहीत. खुर्ची गेली, तर तेवढं तरी घरी बसतील."

अण्णाकाकांची खुर्ची गेल्यानंतर आजारी काकू सात महिने होती. ते सात महिने अण्णाकाका तिच्या उशापासून हलले नाहीत. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि घरात सगळे म्हणायचे, बघा, किती करतो बायकोचं.

"मग तसं सांगायचं की त्याने," अण्णाकाका म्हणाले.

"साहेब ऐकत होते का?"

मीटिंगमध्ये कोणीतरी माझं नाव घेत होतं. मी लॅपटॉप बंद केला.

"नाही," अण्णाकाका म्हणाले. मग, "काही खाल्लंस का?"

"पेज."

"उद्या याच वेळेला पुढचं प्रकरण वाचतो. फोन चार्जिंगला लावून ठेवायला सांग तिथल्या सिस्टरला."

मग रोज चार वाजता आमच्या बैठकीच्या खोलीत क्वेबेकचं राजकारण मराठीतून सुरू व्हायचं. बापूकाका फार बोलत नसत, मधूनच "मग?" म्हणायचे. एखाद्या दिवशी तो "मग?" यायला वेळ लागायचा. तेव्हा अण्णाकाका बोट ओळीवर ठेवून थांबायचे, आणि आवाज आला की पुढे.

अकराव्या दिवशी मी चहा घेऊन गेलो. रिया दारातच उभी होती. तिने माझी बाही ओढली आणि कुजबुजली, "बाबा, दॅट्स जस्ट द इंडेक्स. पुस्तक परवाच संपलं. साहेब डाइड."

मी आत पाहिलं. अण्णाकाका चष्मा नाकावर ओढून शेवटच्या, नावांच्या सूचीच्या पानावरून बोट फिरवत, ठणठणीत आवाजात वाचत होते. साहेब तिसऱ्यांदा निवडून आले होते. शपथविधी चालू होता. आणि तो फुटलेला मंत्री, साहेबांनी स्वतः घरी जाऊन बोलावलेला, पहिल्या रांगेत बसला होता.

"मग?" फोनमधून आवाज आला.

अण्णाकाकांनी पान उलटलं.