मोठं काळीज

त्या सकाळी मी आणि माझी बायको कमल क्वार्टरच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो, आणि ती शेजारच्या निमाबाईंना किडनी समजावत होती.

"सोपं आहे, आयका. किडनी म्हणजे पोटातली मोलकरीण. दोन कावून असतात? एक नागा करते तवा दुसरी येते म्हणून."

कमल शाळेत गेली नव्हती. दवाखान्याच्या लाइनीत बसून शब्द उचलायची, अर्थ घरी येऊन स्वतः लावायची. बीपी म्हणजे रक्ताची नाईट शिफ्ट. अपेंडिक्स म्हणजे राहायला आलेला दीर; काम काही नाही, काढायला गेलं की दुखतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा आमच्याकडेच होता. आधी रुसला, मग चरोद्याला खोली पाहायला गेला.

एकदा जिना चढताना मला दम लागला. डाक्टरनं छातीचा फोटो काढायला लावला आणि तिलाच आत बोलावलं. ती पदर सारखा करत बाहेर आली.

"काय म्हंते?"

"तुमचं काळीज मोठं आहे म्हंते. सगळ्यायचं नसते तसं."

मी फुगलो. प्लांटमध्ये सांगत सुटलो. सिविक सेंटरच्या बाजारात भेटेल त्याला चहा पाजला. गव्हाचं पोतं उचलायला गेलो की ती म्हणायची, "राहू द्या. मोठ्या काळजाच्या माणसाले हमाली शोभते काय?" वरणात मीठ कमी, तर म्हणे मोठ्या काळजाले साधंच लागते. मला पटायचं.

त्या शेंगांच्या दिवशी, त्याच दाण्यांची सोले-वांग्याची भाजी करून ती जरा आडवी झाली. उठलीच नाही.

तोच डाक्टर आला. तिचा हात खाली ठेवून मला म्हणाला, "दादा, अब दवाई खुद याद से लेना. आपका दिल बढ़ा हुआ है. भाभीजी बहुत डरती थीं."

"दिल बड़ा है, तो डर किस बात का?"

तो हळू आवाजात म्हणाला, "बड़ा नहीं दादा. बढ़ा हुआ. थका हुआ."

माझं डोकं चालेना. तिला समजलं नव्हतं, की मला समजू दिलं नव्हतं? विचारायचं कोणाला? असल्या शब्दांचा अर्थ मी तिलाच विचारायचो. आणि माझ्या ताकदीच्या गोळ्या म्हणून ती रोज हातावर काय ठेवायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. पाहुणे झोपले होते. मी बालटी अर्धीच भरली, आत नेऊन ओतली, जरा भिंतीला टेकलो, आणि परत अर्धी भरली.