पाटीमागचा आवाज

बायकोचे स्वरयंत्र काढावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, त्या दिवशी बसमधून घरी येईपर्यंत तज्ज्ञ तिकिटाची घडी घालत आणि उलगडत राहिला. घरात शिरून चपला काढता काढता मात्र त्याने जाहीर केले, "आपण घरात रेकॉर्डिंगची खोली करणार आहोत."

तज्ज्ञ हे काही त्याचे खरे नाव नव्हे. एका कचेरीच्या आवक-जावक विभागात हेडक्लार्क म्हणून तो निवृत्त झाला होता. कुठल्याही विषयावरचा एक व्हिडिओ पाहिला की तो त्या विषयातला अधिकारी होऊन बसे. नळ गळू लागला की नळाचा, फ्रीज बंद पडला की फ्रीजचा. (त्याने नळ दुरुस्त केल्यावर प्लंबरला दोनदा यावे लागे, एकदा नळासाठी आणि एकदा भिंतीसाठी.) बिल्डिंगमधल्या लोकांनी ठेवलेले हे नाव बायकोने केव्हाच मान्य केले होते. 'आमचे तज्ज्ञ आंघोळीला गेलेत,' असे ती फोनवर खुशाल सांगायची.

"रेकॉर्डिंग कसलं?" बायकोने विचारले. तिचा आवाज जरा घोगरा झाला होता, पण अजून तिचाच होता.

"हत्तीच्या गोष्टीचं."

ही गोष्ट तिने मुलीच्या लहानपणी स्वतःच रचली होती. एका हत्तीला शिंक येते, पण शिंकलो तर सगळं गाव जागं होईल म्हणून तो बिचारा ती रात्रभर दाबून ठेवतो. शेवटी येते ती शिंक बायको अशी काढायची की समोरच्या घरातला दिवा लागायचा. आता मुलीला दिवस गेले होते. डॉक्टरांनी सगळे नीट समजावले होते. गाठ काढली तर जीव वाचेल, पुढे गळ्याला यंत्र टेकवून थोडे बोलताही येईल, पण हा आवाज राहणार नाही. त्यावर बायकोने एकच प्रश्न विचारला होता, "मग बाळाला गोष्ट कोण सांगणार?" डॉक्टर कागद चाळू लागले होते.

"एवढंच ना?" बायको म्हणाली. "फोन धरा समोर. आत्ता सांगते."

"फोनवर? या खोलीत?" तज्ज्ञ खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने एक खणखणीत टाळी वाजवली. "ऐकलंस? घुमते ही खोली. भिंती आवाज परत फेकतात. बाळाला काय आजीचा आवाज विहिरीतून ऐकवायचा आहे? आवाज शुद्ध पाहिजे."

ऑपरेशनला पंधरवडा होता. तेवढ्यात काय वाटेल ते करता येईल, असे तज्ज्ञाला वाटले. (बायकोलाही तसेच वाटले होते, पण तिच्या मनात करायच्या गोष्टी वेगळ्या होत्या.)

त्याने स्वयंपाकघराशेजारची अडगळीची खोली रिकामी केली. भिंतींना लावायचे तयार फोम त्याने लॅपटॉपवर पाहिले, किंमत वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि लॅपटॉप मिटून टाकला. मग त्याला कुठेतरी दिसले की अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवले तरी भागते. झाले! कोपऱ्यावरच्या दुकानातून तो रोज ट्रेची चळत उराशी धरून आणू लागला. खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरने त्याला जिन्यात गाठले.

"या वयात एवढी अंडी बरी नव्हेत हो."

"अंडी नाही खात. भिंतीला लावतो."

कंपाउंडरने भिंतीला चिकटून त्याला वाट दिली. संध्याकाळी त्याच्या बायकोने येऊन तज्ज्ञाच्या बायकोला हळूच विचारले, "ऑपरेशनचा धक्का फार घेतलाय का त्यांनी?"

"तसंच समजा," बायको म्हणाली.

सगळ्या भिंती ट्रेने मढवून झाल्यावर तज्ज्ञाने टाळी वाजवली. खोली पूर्वीइतकीच घुमली, वर डिंकाचा वास. प्रत्येक टाळी तो फोनवर रेकॉर्ड करून ठेवत असे, कालच्या टाळीशी आजची ताडून पाहायला. त्यात एक अडचण होती. टाळी वाजली की बाहेरून बायकोचा आवाज यायचाच.

"अहो! टाळ्या कोणासाठी? भिंतीने काय पराक्रम केलाय?"

"अगं, गप्प बस ना! डिस्टर्बन्स येतो मध्ये!"

दुसरी टाळी. "अहो! ओला टॉवेल पुन्हा खुर्चीवर! उचला आधी!"

"आलो, आलो," तज्ज्ञ आतून म्हणायचा आणि येत नसे.

दुसऱ्या व्हिडिओतल्या माणसाने हसत हसत सांगितले की अंड्यांच्या ट्रेने काही होत नाही, जाड आणि जड कापड लागते. ('हे आधी सांगायला काय झालं होतं?' तज्ज्ञाने त्या माणसाला विचारले. तो हसतच राहिला.) मग घरातल्या रजया गेल्या, पडदे गेले, जुने कोट गेले, पाहुण्यांच्या गाद्या गेल्या, शेवटी त्याची स्वतःची गादीही गेली. घरात मऊ म्हणून जे जे होते ते आत गेले. बाहेर टणक सामान आणि बायको तेवढी राहिली.

"अहो, जरा बसता का माझ्याजवळ?" एका दुपारी ती म्हणाली. "मला बोलायचंय. नंतर बोलेन म्हणायचीही सोय नाही राहिलेली."

"आलो, आलो. दाराला एवढी रजई ठोकतो नि आलोच."

त्याला ऐकू आले नव्हते असे नाही. पण नुसते समोर बसायचे तर तिच्या गळ्याकडे पाहावे लागे, आणि तिथे पाहिले की त्याला रडू यायचे. हातात हातोडी असली की तेवढे रडू येत नसे. तज्ज्ञाला घाबरण्यावरचा व्हिडिओ कुठे सापडला नव्हता.

अखेर टाळी वाजवली तर जागच्या जागी विझून जाईल अशी खोली तयार झाली. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी दोघे आत शिरले. दोन स्टुलांमध्ये गुडघ्याला गुडघा लागत होता आणि मधल्या तिवईवर भाच्याने दिलेला माईक उभा होता. भाचा कुठल्याशा बँडमध्ये गायचा. माईक मामाच्या हातात ठेवून तो दौऱ्यावर निघून गेला होता. माईकच्या एका अंगाला कंपनीच्या नावाची चकचकीत पट्टी होती. ती कोणाकडे करायची, याचा तज्ज्ञाने नोकरीतल्या अनुभवावरून विचार केला. टेबलावरच्या नावाच्या पाटीचे तोंड नेहमी समोरच्या माणसाकडे असते आणि काम करणारा पाटीमागे बसतो. आज काम बायकोचे होते. म्हणून त्याने पट्टी स्वतःकडे फिरवली आणि बायकोला सन्मानाने मागे बसवले. नंतर आपल्याच जागेवरून "हॅलो, हॅलो" करून पाहिले. आवाज काचेसारखा स्वच्छ आला. पुढे तपासायचे काही उरलेच नाही.

"सावकाश सांग हं," तो कुजबुजला.

आणि तिने गोष्ट सांगितली. घामाने दोघे निथळत होते. मध्ये मध्ये गळा दुखायचा, ती थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची. हत्तीने सोंड दाबून धरली, गाव झोपले, चंद्र वर आला. ती बाळाशी बोलत होती, पण बघत होती तज्ज्ञाकडे. आता त्याला उठून पळता येत नव्हते, दारावर तर त्यानेच रजई ठोकली होती. मग शिंक आली. जरा फाटकी होती, पण हत्तीचीच होती. तज्ज्ञाने तोंडावर हात घट्ट दाबला.

"ऐकूया का लगेच?" तिने विचारले.

"नको. घरी आल्यावर ऐकू. तू, मी आणि मुलगी."

"मला काय, माझा आवाज माहीतच आहे," ती म्हणाली. "तुम्ही ऐका."

ऑपरेशन नीट झाले. ती घरी आली तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि घर इतके शांत होते की तज्ज्ञाला स्वयंपाकघरातले भांडे मुद्दाम पाडावेसे वाटले. मुलगी पोट सांभाळत आली. तिघे सोफ्यावर बसले आणि तज्ज्ञाने मोठ्या थाटात बटण दाबले.

"सावकाश सांग हं," तज्ज्ञ म्हणाला. लॅपटॉपमधला.

त्यानंतर स्टूल करकरले. त्यानंतर तज्ज्ञाने आवंढा गिळला. त्याचे पोट गुडगुडले, तेही अप्रतिम, प्रत्येक गुडगुड मोजून घ्यावी अशी. आणि या सगळ्याच्या मागे, रस्त्यापलीकडच्या बंद घरात कोणीतरी काहीतरी पुटपुटावे, तसे पुटपुटणे. आवाज कितीही वाढवला तरी तज्ज्ञाचाच श्वास मोठा होई. शिंकेच्या जागी लांबवर पिशवी पडल्यासारखे काहीतरी वाजले.

तज्ज्ञाने भाच्याला फोन लावला.

"मामा, नाव लिहिलंय ना, तेच त्या माईकचं तोंड," भाचा म्हणाला. "मामी कुठल्या बाजूला होती?"

"नावाच्या मागे."

"मागचं त्याला नीट ऐकू येत नाही हो. साध्या खोलीत भिंतींवरून आपटून बरंच तरी आलं असतं. तुम्ही भिंतींना काही लावलं होतं का?"

"रजया," तज्ज्ञ म्हणाला.

"मग चांगल्याच लावल्या असणार, मामा."

फोन ठेवेपर्यंत लॅपटॉप चालूच होता. शिंकेनंतरचा भाग आला. त्यात एक माणूस तोंडावर हात दाबून रडत होता. हात दाबल्याचेही ऐकू येत होते. मुलीने मान फिरवली. तज्ज्ञ बंद करायला धडपडला, पण बायकोने त्याचा हात धरला आणि ते शेवटपर्यंत ऐकले. मग ती त्याच्या अगदी जवळ सरकून बसली. या वेळी तो उठला नाही.

"मी वाट लावली गं," तो म्हणाला. "सगळी वाट लावली."

फोनमधल्या टाळ्या मुलीला सापडल्या, त्या नंतर. कचरा काढून टाकावा म्हणून ती एकेक उघडत होती, आणि एकदम फोनमधून बायको ओरडली, "अहो! टाळ्या कोणासाठी? भिंतीने काय पराक्रम केलाय?" तज्ज्ञ जागचा उठलाच. आवाज घुमत होता, विहिरीतून आल्यासारखा, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत तिचा होता. मग टॉवेल आला. मग 'जेवायला येताय की टाळ्याच खाताय'. जेवढ्या टाळ्या तेवढी बोलणी. हत्ती गेला तो गेलाच. उरल्या त्या तज्ज्ञाला घातलेल्या शिव्या.

बाळाला अंगाई म्हणून तेच लागू पडले. कितीही रडत असो, आजीचे ते ओरडणे लावले की नात गप्प व्हायची आणि आजोबांची खरडपट्टी ऐकत गाढ झोपून जायची. शेजारी बसलेली बायको तिला थोपटत असे. 'एवढी वर्षं बोलले, त्यातलं हेच उरलं का' असे तिच्या चेहऱ्यावर कधी कधी दिसायचे. मग तज्ज्ञ दुसरीकडे बघायचा.

वर्ष सरता सरता नातीच्या तोंडातून शब्द फुटायची वेळ आली. 'आजोबा' म्हण म्हणून तज्ज्ञ तिच्यापुढे रोज बसत होता. (मूल बोलते कसे करावे, याचा व्हिडिओ त्याने पाहिला होता.) ती त्याच्याकडे नुसती बघायची. एका सकाळी तो आंघोळ करून आला, टॉवेल खुर्चीवर टाकला आणि पेपर उघडला. आजीच्या मांडीवरून नातीने टॉवेलकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि तोंड उघडले.

"अहो!"

तोच चढा सूर, तीच शेवटची धार. बायकोने तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ती हसतेय की रडतेय हे ऐकून कळायची आता सोय नव्हती.

"आलो, आलो," तज्ज्ञ म्हणाला, आणि मुकाट्याने उठून त्याने टॉवेल उचलला.