शालिकभाऊंची बोळवणीची गाणी

लग्नसराई लागली, की शालिकभाऊ रोज सकाळी आमच्या अंगणात उभे राहून लांबलचक "आऽऽ" करत आणि मला विचारत, "मास्तर, बसला काय?" म्हणजे गळा. मी चूळ थुंकून म्हणायचो, "नाही बसला."

"खरं सांगता, का मन राखता?"

"खरं!"

तेवढ्यावर समाधान झालं तर ते शालिकभाऊ कसले! मग तोच "आऽऽ" किराणा दुकानात, मग बस स्टँडवर कंडक्टरपुढे. अर्ध्या शिरपुरानं "नाही" म्हटलं, की ते आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान उघडत. भर वैशाखात गळ्याला मफलर. चिंच खाणं तर सोडाच, चिंचेच्या सावलीतूनसुद्धा जात नसत.

शालिकभाऊ गाणी रचत. शब्द स्वतःचे, चाल बायांच्या जात्यावरची, पण ठेका असा, की बँडवालेही पाय हलवत. साथीला जत्रेत घेतलेलं बुलबुलतरंग. गाणी सगळी नवरीच्या बोळवणीची. लग्नाच्या आठ दिवस आधी ते मुलीच्या घरी जाऊन बसत. पाणी कोणत्या विहिरीचं भरते, गाईचं नाव काय, बापाला काय म्हणते, सगळं विचारत आणि गाण्यात घालत. दर कडव्याच्या शेवटी मुलीचं नाव. इंझोरीच्या एका अन्नपूर्णेनं त्यांना दोन दिवस जेवू दिलं नाही; नाव काही चालीत मावेना. अखेर बस धरून पुन्हा गेले आणि बापाला विचारलं, "पोरीले घरी लाडानं काय म्हनता?" "अनू" निघाली, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

"एकच गाणं रचून सगळीकडे म्हणा की!" मी म्हणायचो.

"वा! दुसरीच्या मापाचं पोलकं घालून पोरगी सासरी धाडता काय?"

टेपची अक्कल माझीच. मालेगावच्या एका लाउडस्पीकरवाल्यानं टेपरेकॉर्डर आणला आणि मी शालिकभाऊंच्या मागे लागलो. "एकदा गाणं भरून ठेवा, गावोगाव वाजेल." त्यांना दरदरून घाम फुटला. "मशीनच गायले लागली, तं मले कोन बलाविन, मास्तर?"

"अहो, उलट मागणी वाढेल!" मी मास्तर पडलो ना, मला सगळं कळतं!

आता नाव कोणाचं घालायचं? लाउडस्पीकरवाला म्हणाला, "नुसतं 'ताई' म्हना. सगळ्याइले चालते." गाणं भरलं:

रहाट पुसते, दोर पुसते, कुठं निघाली ताई?

गाजलं की हो! दोन वर्षांत आमच्या भागात बोळवण म्हटली, की तीच टेप. आणि शालिकभाऊंची आवतणं आटली. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. लग्नसराईतच काय ते चार माणसांत जेवण व्हायचं. सकाळचं "आऽऽ" बंद झालं. मला ते कळत होतं, पण मी विषय काढला नाही.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं लग्न निघालं. लाउडस्पीकर मालेगावचा ठरला, टेप त्याच्यासोबतच आली. शालिकभाऊंना पत्रिका द्यायची राहिली. राहिली कसली, कोणत्या तोंडानं द्यावी हेच कळेना. शेजारी आहेत, येतीलच, अशी मी मनाची समजूत घातली.

बोळवणीला टेप लागली. बसच्या दाराशी सुमन आईच्या गळ्यात पडली होती. कर्ण्यातून "कुठं निघाली ताई" आलं आणि त्याच चालीत, त्याच आवाजात गर्दीतून ऐकू आलं, "कुठं निघाली सुमन..."

शालिकभाऊ! दर कडव्याला टेप "ताई" म्हणे आणि ते "सुमन" म्हणत. सुमननं मान वर करून पाहिलं आणि अशी काही रडली, की मलाही आवरेना.

बस गेली. लाउडस्पीकरवाला वायरी गुंडाळू लागला. शालिकभाऊ आले, मांडवाच्या बाहेरच थांबले आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"रागावू नका, मास्तर. मले आवतन नव्हतं. पन राह्यवलं नाही. पोरगी बिननावाची गेली असती ना."