मौनाच्या शेजारी गाणं

सांगतो तुम्हाला, आमच्या हॉलमध्ये देवांनासुद्धा वेळ मी देतो! हसू नका. सकाळी गुडघे टेकणारे येतात, दुपारी सतरंजीवर एकाच दिशेला तोंड करून बसणारे, मग गाणारे, मग मौनवाले. या शहरात जितकी माणसं तितक्या प्रार्थना, आणि सगळ्यांच्या खुर्च्या लावणारा, पंखे सुरू करणारा व्यवस्थापक एकच. मी! या नोकरीमुळे हॉलच्या वरच्या दोन खोल्याही मिळाल्यात राहायला.

पण त्या आठवड्यात हॉलच्या समितीच्या अध्यक्षबाईंनी दम भरला. "आणखी एक जरी तक्रार आली ना, की किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आणि खोल्या रिकाम्या करायच्या!"

आणि नेमकी त्याच रविवारची एकच वेळ मी गाणाऱ्यांना आणि मौनवाल्यांना, दोघांनाही देऊन बसलो होतो.

बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? राहायचं कुठे उद्यापासून?"

"अगं, सूर्य मावळेपर्यंत मौनवाले तोंड उघडत नाहीत. तक्रार करणार कोण? मध्ये पडदा टाकला की काम फत्ते!"

पडदा म्हणजे आमच्याच चादरी, कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकलेल्या. बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मी बघितला नाही.

सुरुवात झकास झाली. पडद्याच्या अलीकडे मौनवाले डोळे मिटून बसले. पलीकडे गाणाऱ्यांच्या म्होरक्यांनी, सगळे त्यांना काका म्हणतात, असा काही सूर लावला की खिडकीच्या काचा थरथरल्या!

मौनवाल्यांच्या ताईंनी डोळे उघडले. मला जवळ बोलावलं. पडद्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे.

"हो ना ताई! आवाज खणखणीत आहे काकांचा!" मी म्हणालो.

ताईंनी दोन्ही हात जोडले.

"अहो, माझे कसले आभार मानता! तुमची सेवा हेच माझं काम."

ताई उठल्या. त्यांच्यामागे सगळे मौनवाले उठले. ताईंनी पडदा बाजूला सारायला हात घातला मात्र, दोरी तुटली आणि सगळ्या चादरी धाडकन खाली! निम्म्या माझ्या डोक्यावर. चादरीतून तोंड बाहेर काढतो तर काय, दोन्ही मंडळी समोरासमोर. आता संपलं सगळं! वरच्या खोल्यांतलं सामान मला टेम्पोत चढताना दिसायला लागलं.

पण काकांचा चेहरा फुलला. "या, या! ऐकायला आलात? अरे, सरका रे, पाहुण्यांना पुढे जागा द्या!"

मौनवाले नाही कसं म्हणणार? बसले बिचारे.

काका गायले. या वेळी हळू, जवळच्या माणसाशी बोलावं तसं. शब्द माझ्या धर्माचे नव्हते, अर्थही कळला नाही, पण अंगावर काटा आला. ताईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

गाणं संपवून काका म्हणाले, "आता तुमचं काहीतरी होऊ द्या."

ताईंनी डोळे मिटले. मौनवाल्यांनीही मिटले. काकांनी जरा वाट पाहिली, मग आपल्या मंडळींना खूण केली आणि स्वतःही डोळे मिटले.

काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मी हा हॉल झाडतोय, पण अशी शांतता कधी ऐकली नव्हती. एवढी माणसं, आणि एक हूं नाही की चूं नाही. वाटलं, भिंती मागे सरकल्यात, छत वर उचललं गेलंय आणि आपण कुठल्यातरी फार मोठ्या घरात येऊन बसलोय. एकाच वेळी दोन मंडळी आल्याचं कळून अध्यक्षबाई तावातावानं आल्या होत्या, त्याही दारात चपला हातात घेऊन थबकल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. रुमाल भिजला, मग चादरीचं टोक घेतलं.

सूर्य मावळला. ताई हळूच बोलल्या, "आजच्यासारखं मौन आजवर कधी लागलं नव्हतं. यापुढे आपण सगळे एकत्रच बसू या."

काका म्हणाले, "आमच्या मनातलं बोललात!"

मी छाती फुगवून अध्यक्षबाईंकडे पाहिलं.

"फक्त एक तक्रार आहे," ताई म्हणाल्या.

माझा हात खिशातल्या किल्ल्यांवर गेला.

"मागे कोणीतरी सारखं मुसमुसत होतं. नाक शिंकरत होतं."

"मला वाटलं, पाण्याची मोटर लागली!" काका म्हणाले.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अध्यक्षबाईंनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला. मग एकत्र बसलेल्या दोन्ही मंडळींकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"किल्ल्या राहू देत तुमच्याकडे. पण यांची प्रार्थना सुरू झाली की तुम्ही हॉलच्या बाहेर!"

तेव्हापासून दर रविवारी मी जिन्यावर सगळ्यांच्या चपला राखत बसतो. बायको मात्र न चुकता आत बसते. बाहेर आली की चेहरा कसा उजळलेला असतो! म्हणते, "अहो, तुम्ही नसलात ना, की काय शांत वाटतं!"