नानांचा बंद पंखा

मे महिन्यात, धरणगावात, खोलीत शिरताच पंखा बंद करणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहतो. आमच्या दवाखान्याच्या लॅबमधले नाना!

कारण टेबलावर कार्डं वाळत असतात. डेंग्यूच्या रुग्णाचं बोट टोचायचं, जाड कागदाच्या कार्डावरच्या वर्तुळांत रक्ताचे ठिपके घ्यायचे, वाळवायचे आणि साध्या पाकिटातून पुण्याला धाडायचे. नळीतल्या रक्तासारखी बर्फाची कटकट नाही. डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी हा कोणता, ते तिकडे शोधतात. पंख्याने धूळ बसते, म्हणून पंखा बंद. आमचे शर्ट घामाने पिळून निघाले तरी नानांचं एकच, "सावलीम्हा सुकू द्या भो, बठ्ठं समजस!" सगळं कळतं म्हणे. पुतण्याच्या लग्नात नवरदेवाच्या कपाळावरचं ओलं कुंकू बघून यांनी सवयीने मांडवातला पंखा बंद केला. वऱ्हाडी मारायला उठले होते.

गेल्या उन्हाळ्यात नळाला दहा दिवसांनी पाणी, घरोघरी टाक्या भरलेल्या. डेंग्यूला आणखी काय हवं? एका सकाळी सहा कार्डं वाळत होती. आमच्या सुमनअक्का असोद्याच्या, दवाखान्यातल्या आया. नाना घामाघूम झालेले बघून त्यांना कळवळा आला. त्यांनी कार्डं उचलली आणि गच्चीवर स्वतःच्या ज्वारीच्या पापडांशेजारी, बिबड्यांशेजारी, मांडली, वरून फडकंही घातलं.

"उनम्हा ठी दिधात नाना, आते कडक व्हई जातीन!"

झालं! त्या उन्हात विषाणूची खूणच नाहीशी होते. मला वाटलं, नाना आता अक्कांना फाडून खातात. त्यांनी सहाही जणांचं रक्त पुन्हा घ्यायला नुसती मोटारसायकल काढली. मी मागे बसलो.

पाच घरं झाली. सहाव्या घरी आजारी पोरीची आजी दारातच आडवी आली. "सकायले तं टोचं! आखो कसाले? औषध तं तुम्ही तेच देशात ना?"

नाना उंबऱ्यावरच बसले. मग हळूच म्हणाले, "मनी बायकोनं रगत मी बर्फम्हा लई गयथू, माय. रस्ताम्हा बस बंद पडनी, बर्फनं पानी व्हयनं. ती गयी. कोनता ताप व्हता, आजलगुन समजनं नही."

आजीने स्वतः नातीचा हात पुढे केला.

सहाही रिपोर्ट आले, प्रत्येकावर प्रकार लिहिलेला. मी मोठ्याने वाचले. नानांनी दोनदा वाचायला लावले.

त्या संध्याकाळी लॅबमध्ये डोकावलो. वाळत घातलेलं काही नव्हतं, तरी पंखा बंद. नानांसमोर एक जुनं, पिवळं पडलेलं कार्ड होतं. त्यावर काकूंचं, नानांच्या बायकोचं, नाव, नानांच्याच अक्षरात. ठिपक्यांची वर्तुळं कोरी; ही कार्डं आली तेव्हा काकू उरल्या नव्हत्या.

मी शेजारी स्टूल ओढलं.

"गरम व्हस ना रे?" नाना म्हणाले. "लाव पंखा."

"राहू द्या नाना," मी म्हणालो. "सुकू द्या."